निनावी शिल्पकार

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ८३.६ किलो वजनाचा स्पुटनिक पृथ्वीभोवती फिरता केला. अमेरिकेच्या आत्मविश्वासाला तडा गेला आणि मॉस्कोत राष्ट्राभिमानाला भरती आली. मात्र ज्यांच्या जिद्दीतून हा पराक्रम साकारला, त्या सर्गेई कोरोल्योव यांचे नाव खुद्द सोव्हिएत नागरिकालाही ठाऊक नव्हते. वृत्तपत्रांत उल्लेख होई तो केवळ 'मुख्य रचनाकार' असा.

१९०७ साली युक्रेनमधील झितोमिर येथे जन्मलेल्या कोरोल्योव यांना तारुण्यातच अग्निबाणांचा ध्यास लागला. परंतु १९३८ साली, स्टालिनच्या दमनसत्राच्या वावटळीत, खोट्या आरोपांवरून त्यांना अटक झाली. कोलिमाच्या सोन्याच्या खाणीतील सक्तमजुरीने त्यांची प्रकृती खालावली. पुढे कैदी म्हणूनच त्यांना विमानरचनेच्या कामास जुंपण्यात आले. सुटका झाली ती १९४४ मध्ये. त्यांच्यावरील कलंक अधिकृतरीत्या पुसला गेला १९५७ साली, म्हणजे ज्या वर्षी त्यांनी राष्ट्राला जगज्जेतेपणाचा आनंद दिला त्याच वर्षी!

अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी रचलेला आर-७ हा अग्निबाण त्यांनी अंतराळाच्या वाटेला लावला. १९५९ मध्ये चंद्रावर यान आदळले, चंद्राच्या पलीकडच्या बाजूची छायाचित्रे आली. १९६१ मध्ये गागारीन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. प्रत्येक यशाबरोबर क्रुश्चेव्ह यांची नव्या विक्रमाची भूक वाढत गेली. १९६४ साली व्होस्खोद यानात तीन अंतराळवीरांना दाटीवाटीने, अंतराळपोशाखाविना बसविण्यात आले. शास्त्र मागे पडून प्रदर्शन पुढे सरसावले ते असे.

चंद्रावर माणूस उतरविण्याचा संकल्प केनेडी यांनी १९६१ मध्ये सोडला. सोव्हिएत नेतृत्वाचा औपचारिक निर्णय १९६४ मध्ये झाला. तोवर शक्ती विभागली गेली होती. इंजिनतज्ज्ञ ग्लुश्को यांच्याशी इंधनावरून कोरोल्योव यांचे बिनसले होते. चेलोमेई यांची संस्था प्रतिस्पर्धी म्हणून उभी होती. परराष्ट्राशी चाललेल्या स्पर्धेला घरातील स्पर्धेने पोखरले. १४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रियेत कोरोल्योव यांचे निधन झाले, आणि त्यानंतरच त्यांचे नाव देशाने वाचले. त्यांच्या प्रचंड एन-१ अग्निबाणाची १९६९ ते १९७२ या काळातील चारही उड्डाणे फसली. दरम्यान जुलै १९६९ मध्ये अमेरिकन पावले चंद्रावर उमटली होती.

राष्ट्राभिमान ही मोठी प्रेरणा आहे, हे कोरोल्योव यांच्या जीवनाने निर्विवाद सिद्ध केले. परंतु ज्या अभिमानाला विजयाचा ध्वज हवा असतो आणि तो रोवणारा माणूस मात्र पडद्याआड ठेवावासा वाटतो, तो अभिमान अखेर स्वतःचेच बळ खच्ची करतो. १९८४ साली राकेश शर्मा ज्या सोयूझ यानातून अंतराळात गेले, त्या यानाची मूळ कल्पना कोरोल्योव यांच्याच संस्थेतली होती. विक्रम मोडले जातात, राजवटी कोसळतात, सोव्हिएत संघही १९९१ मध्ये लयास गेला. टिकून राहते ते काम. ते करणाऱ्याचा मान त्याच्या हयातीत राखणे, एवढे तरी राष्ट्राच्या हाती असते.