गुप्तहेर नूर इनायत खान

शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक आपल्याला माहीतच आहेत. आज मी एका हेर मुलीची गोष्ट लिहिते. ही गोष्ट आम्हाला गुरुजींनी सांगितली.

नूरचा जन्म १ जानेवारी १९१४ रोजी रशियात मॉस्को येथे झाला. तिचे वडील इनायत खान हे आपल्या गायकवाड महाराजांच्या बडोद्याचे. तिचे पणजोबा मौलाबक्ष बडोद्याच्या दरबारात मोठे गवई होते. आई अमेरिकेची होती. नूर पॅरिसजवळ वाढली. ती १३ वर्षांची असताना वडील वारले. मग धाकट्या भावंडांचं तीच बघायची. ती फार लाजाळू होती. तिने मुलांसाठी जातककथांचे पुस्तक लिहिले. ते १९३९ साली निघाले.

१९४० साली हिटलरच्या फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. नूर घरच्यांबरोबर इंग्लंडला गेली. तिथे ती बिनतारी यंत्राने निरोप पाठवायला शिकली. जून १९४३ मध्ये रात्री विमानाने तिला गुपचूप फ्रान्समध्ये उतरवले. तिचे टोपणनाव मादलेन होते.

थोड्याच दिवसांत तिचे सोबती पकडले गेले. लंडनहून तिला परत बोलावले, पण ती गेली नाही. कारण ती गेली असती तर निरोप कोण पाठवणार? जर्मनांच्या गाड्या यंत्राचा माग काढत फिरायच्या. म्हणून ती सारखी घरं बदलायची. केसही रंगवायची. तीन महिन्यांहून जास्त दिवस तिने असे काम केले.

ऑक्टोबरमध्ये कुणीतरी फितुरी केली आणि नूर सापडली. निरोप लिहिलेली तिची वहीपण सापडली. ती वही ठेवली ही तिची चूक झाली. त्या वहीवरून जर्मनांनी लंडनला खोटे निरोप पाठवले. नूरने दोनदा पळून जायचा प्रयत्न केला. मग तिला दहा महिने साखळदंडात ठेवले. तरी तिने सोबत्यांची नावे सांगितली नाहीत. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. ती फक्त ३० वर्षांची होती. १९४९ साली इंग्लंडने तिला जॉर्ज क्रॉस हे मोठे पदक दिले.

तिचे सरकारी कागद पुष्कळ वर्षे गुप्त होते. २००३ साली ते लंडनला सगळ्यांसाठी खुले झाले. त्यात तिला शिकवणाऱ्या अधिकाऱ्यांचे शेरे आहेत. काहींनी लिहिले होते की ही फार हळवी आहे, हिला हे काम जमणार नाही.

हे ऐकून मी गप्पच बसले. २६ जानेवारीला मी भाषण मधेच विसरले नि रडले. तेव्हापासून पोरं मला भित्री म्हणतात. मलापण तेच खरं वाटायचं. पण शेरा लिहिणाराला सगळंच कुठं माहीत असतं? येत्या १५ ऑगस्टला मी भाषणात नाव देणार आहे. नूरवरच बोलणार आहे.

अशा या शूर नूरला माझा नमस्कार.

— इयत्ता ४ थी