डॉ. आयडा स्कडर : एका रात्रीच्या तीन हाका

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडील जुन्या बायका म्हणतात. या बोलण्यामागे किती भय साठलेले आहे, हे मला डॉ. आयडा स्कडर यांचे चरित्र वाचताना जाणवले. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याची प्रेरणा तीन अडलेल्या बायकांच्या मृत्यूत आहे, हे थोड्यांनाच माहीत असते.

आयडाचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी आजच्या तमिळनाडूतील राणीपेट येथे झाला. घराणे अमेरिकन मिशनऱ्यांचे; आजोबा डॉक्टर, वडीलही डॉक्टर. लहानपणी तिने दुष्काळात उपाशी मुले पाहिली होती. या मुलखात राहायचे नाही, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते. अमेरिकेत शाळा संपवून १८९० साली ती तिंडिवनमला आली ती केवळ आईच्या आजारपणासाठी, आणि परत जाण्याच्या बोलीवर.

तेथेच ती रात्र उजाडली. एक ब्राह्मण गृहस्थ दाराशी आला. त्याची कोवळ्या वयाची पत्नी अडली होती. आयडाने वडिलांना नेण्याची विनंती केली. पण परपुरुषाने पत्नीला पाहणे त्याला मान्य नव्हते. त्याला बाई हवी होती, आणि आयडा तर डॉक्टर नव्हती. तो परतला. त्याच रात्री एक मुसलमान गृहस्थ आणि नंतर आणखी एक हिंदू तेच मागणे घेऊन आले व तसेच गेले. सकाळी कळले, तिन्ही बायका दगावल्या.

त्या तीन पुरुषांना दगडाच्या काळजाचे म्हणून आपण मोकळे होऊ नये, असे मला वाटते. मध्यरात्री परक्याचे दार ठोठावणाऱ्याला बायकोची माया नसेल कशी? पण रूढी मायेहून बलवान ठरली. रूढी मोडेपर्यंत बायकांनी मरत राहायचे काय? आयडाने उत्तर दिले, आपणच डॉक्टर व्हायचे.

१८९५ मध्ये तिने फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली येथूनच डॉक्टर झाल्या होत्या. पुढे कॉर्नेल विद्यापीठातून १८९९ मध्ये पदवी घेऊन आयडाबाई १९०० साली वेल्लोरला आल्या. त्याच वर्षी वडील वारले. घरातल्याच एका लहान खोलीत त्यांनी रोगी तपासायला आरंभ केला. न्यूयॉर्कच्या शेल नावाच्या गृहस्थांनी पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले होते. त्यातून १९०२ मध्ये चाळीस खाटांचे रुग्णालय उभे राहिले.

पण रुग्णालय झाले म्हणून खेडे त्याच्या दाराशी येत नाही. गाडीभाडे नसते, शेतातले काम सुटत नाही, आणि रोगी गाडीत घातला जातो तो अखेरच्या घटकेला. म्हणून आयडाबाई स्वतःच निघाल्या. आधी बैलगाडी, पुढे मोटार. वेल्लोर ते गुडियाथम या वाटेवर ठरलेल्या दिवशी ठरलेल्या झाडाखाली गाडी थांबे. मोटार प्रथम पाहून लोक भुताला भ्यावे तसे पळाले म्हणतात. नंतर तेच लोक सावलीत वाट पाहू लागले. चिघळलेल्या जखमा, आलेले डोळे, कडेवरची आजारी पोरे, सारे तेथेच पाहिले जाई. ज्यांना रुग्णालयाची गरज असेल त्यांना पाठवले जाई.

एकटी बाई किती गावे पुरी पडणार? त्यांनी १९०९ मध्ये परिचारिकांचे शिक्षण सुरू केले आणि १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा. मुली या परीक्षेत टिकतील काय, याची सरकारी अधिकाऱ्यांनाच शंका होती. १९२२ साली परीक्षेला बसलेल्या चौदाच्या चौदा मुली उत्तीर्ण झाल्या! मुलांना तेथे १९४७ पासून प्रवेश मिळाला. २४ मे १९६० रोजी कोडाईकनाल येथे आयडाबाईंचे निधन झाले.

त्यांच्या कार्याची एक फांदी महाराष्ट्रात आली आहे. वेल्लोरला शिकलेल्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये दुष्काळी जामखेड भागात काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच बायकांना, कित्येक निरक्षर बायकांना, आरोग्यसेविका केले. गरोदर बाईची देखभाल, सुरक्षित बाळंतपण, मुलांची वजने, कोणती बाई वेळेवर दवाखान्यात न्यायची याची पारख, हे सारे त्या शिकल्या. माझ्या आईने शाळा पाहिलेली नाही. म्हणून ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्ञान केवळ पदवीवाल्यांचे नसते.

आयडाबाई झाडाखाली पोहोचल्या; जामखेडच्या बायका तर घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचल्या. अडलेली बाई आणि मदत यांच्यामध्ये कधी रूढी आडवी येते, कधी अंतर. ते अंतर चालून जाणारे माणूस गावातच तयार झाले पाहिजे, हा मला त्यांच्या जीवनाचा खरा बोध वाटतो.