कृष्णधवल शांतारामबापू

रौप्यमहोत्सव हा शब्द माझ्या पिढीनं पहिल्यांदा वाचला तो सोसायटीच्या फलकावर नव्हे, सिनेमाच्या जाहिरातीत. एका थिएटरात चित्रपट सलग पंचवीस आठवडे चालला की त्याचा रौप्यमहोत्सव, पन्नास आठवड्यांना सुवर्णमहोत्सव. सोसायटीला मात्र पंचवीस वर्षं चालावं लागतं, आणि प्रेक्षकही तेच ते! असो. आपल्याकडे ज्या चित्रपटाच्या रौप्यमहोत्सवाची सर्वांत आधी चर्चा झाली त्यांपैकी एक म्हणजे प्रभातचा १९३४ चा 'अमृतमंथन', आणि त्याचे दिग्दर्शक व्ही. शांताराम. आपल्या 'ए' आणि 'बी' विंगमधल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर आवडत्या जुन्या चित्रपटांचा विषय निघाला की मी याच माणसापाशी येऊन थांबतो. म्हणून स्मरणिकेसाठी त्यांच्यावरच लिहितो आहे.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म कोल्हापूरचा, १८ नोव्हेंबर १९०१ चा. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण फार झालं नाही. लहानपणी काही काळ गंधर्व नाटक मंडळीत काढला, मग हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम केलं. तिथंच पत्र्याच्या शेडमधल्या एका सिनेमागृहात पडेल ते काम करता करता पडद्यावरची चित्रं बघण्याचा नाद लागला. पुढं मावसभाऊ बाबूराव पेंढारकरांनी त्यांना कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत नेलं. बाबूराव पेंटर म्हणजे परदेशी कॅमेरा परवडत नाही म्हणून स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवणारा कलावंत. अशा माणसाच्या हाताखाली सेट उचलण्यापासून अभिनयापर्यंत सगळं शिकायला मिळालं. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या तरुण मुलाचं काम शांतारामांनीच केलं होतं. आयुष्यभर कर्जखाती बघितलेल्या माझ्यासारख्याला त्या कथेबद्दल वेगळंच वाटतं, पण तो विषय इथं नको.

१ जून १९२९ रोजी पाच भागीदारांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली: शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. पहिले चौघं पेंटरांच्या कंपनीतून बाहेर पडलेले, आणि कुलकर्णी हे पैसा घालणारे सराफ. बँकेच्या भाषेत सांगायचं तर चार जणांचं कौशल्य आणि एकाचं भांडवल. अशा भागीदाऱ्या मी पुष्कळ पाहिल्या. त्यातल्या बहुतेक पहिल्या नफ्यावर फुटतात. ही बरीच टिकली. कंपनीला नाव दिलं ते शांतारामांच्या मुलाचं, प्रभातकुमारचं. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आला, मराठीतला पहिला बोलपट. त्यात दुर्गा खोटे तारामती झाल्या. चांगल्या घरातल्या सुशिक्षित स्त्रीनं सिनेमात काम करायचं ही त्या वेळी केवढी खळबळ होती, याची आजच्या मुलांना कल्पना यायची नाही. पुढच्याच वर्षी कंपनी पुण्याला गेली. तिथं जी जागा घेतली तिथंच आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि जवळच्या रस्त्याला अजून प्रभात रोड म्हणतात.

आता रंगांबद्दल थोडं, कारण आमच्या कट्ट्यावरचा एक गैरसमज मला इथं दूर करायचा आहे. जुने लोक काळं-पांढरं काढत कारण त्यांना रंग माहीत नव्हता, असं म्हणतात. शांतारामांच्या बाबतीत तरी हे खरं नाही. १९३३ मध्येच त्यांनी 'सैरंध्री' रंगीत करायचा घाट घातला आणि त्याच्या प्रती काढायला थेट जर्मनीला गेले. रंग काही नीट उतरले नाहीत आणि चित्रपट पडला. माणसानं हात पोळून घेतला, पण जर्मनीहून येताना तिथले कॅमेऱ्याचे कोन आणि सावल्यांचा खेळ डोळ्यांत भरून आणला. त्याचा परिणाम 'अमृतमंथन'मध्ये दिसतो. अंधारातून पडदाभर येणारा राजगुरूचा तो डोळा ज्यानं एकदा पाहिला तो विसरत नाही. हिंदीत ते काम चंद्रमोहनचं, मराठीत केशवराव दात्यांचं.

पण माझी खरी आवड त्यानंतरच्या तीन चित्रपटांची. देव-दानव आणि राजे-राण्या बाजूला ठेवून शांतारामबापू पुण्यामुंबईच्या घरांत आणि गावच्या ओसरीवर शिरले, ती १९३७ ते १९४१ ही वर्षं.

'कुंकू' १९३७ चा. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून केलेला. मामानं पैशासाठी म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्नच मानायला नकार देते. शांता आपटेंनी नीरा अशी काही केली आहे की आजही तिच्याकडं बघून छाती दडपते. ती रडत नाही, ती भांडते. आणि केशवराव दाते काकासाहेब झालेत. मिशांना कलप लावणारा, आरशात बघून घाबरणारा हा माणूस खलनायक नाही, हेच अवघड होतं आणि तेच दिग्दर्शकानं साधलं. एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरचे आवाज, एवढंच. गाणीसुद्धा घरात कुणी प्रत्यक्ष म्हणेल तेवढीच. आजच्या मालिकांत सासूनं मान वळवली तरी तीनदा ढोल वाजतात, त्या लोकांना हा चित्रपट एकदा दाखवायला हवा. काकासाहेबांच्या शिकलेल्या, समाजकार्य करणाऱ्या मुलीचं काम शकुंतला परांजप्यांनी केलं. त्या रँग्लर परांजप्यांच्या कन्या. प्रत्यक्ष आयुष्यातही त्यांनी संततिनियमनाचं काम हाती घेतलं, त्या काळी ज्या विषयाचा उच्चार बैठकीत होत नसे.

'माणूस' १९३९ चा. साधा पोलीस शिपाई आणि बदनाम वस्तीतली मैना. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. त्या काळी प्रेमभंग झाला की नायकानं दारू पिऊन मरायचं, अशी 'देवदास'मुळे फॅशनच पडली होती. तिला हे उत्तर होतं. यावर जास्त लिहीत नाही. ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांची मजा घालवायला नको.

मग आला 'शेजारी', १९४१. पटकथा विश्राम बेडेकरांची. गावात जिवबा आणि मिर्झा असे दोन म्हातारे, जन्माचे शेजारी. एकमेकांच्या घरात उठबस, बुद्धिबळाचा डाव, पोराबाळांचं एकत्र वाढणं. धरण बांधायला आलेल्या माणसाला गावाची जमीन हवी असते आणि हे दोघं एक असेपर्यंत ती मिळणार नाही हे त्याला कळतं. म्हणून तो दोघांत फूट पाडतो. कशी? मोठं काही करत नाही. एक संशय, एक अफवा, इकडचं तिकडं. शेवटी धरण फुटतं तेव्हा ते दोघं एकमेकांचा हात धरून त्या पाण्यात जातात.

१९४० च्या मार्चमध्ये लाहोरला मुस्लिम लीगनं वेगळ्या राष्ट्रांचा ठराव केला होता. देशाच्या हवेत काय होतं ते सगळ्यांना दिसत होतं. अशा वेळी हा चित्रपट मराठीत आणि 'पडोसी' नावानं हिंदीत निघाला. मराठीत जिवबा केशवराव दाते आणि मिर्झा गजानन जागीरदार. हिंदीत मिर्झा जागीरदारच, पण हिंदू ठाकूर झाले मझहर खान. म्हणजे हिंदूचं काम मुसलमानानं केलं आणि मुसलमानाचं हिंदूनं. बापूंनी हे भाषणातून सांगितलं नाही, नटांच्या निवडीतून सांगितलं. सहाच वर्षांनी फाळणी झाली. एका चित्रपटानं काही थांबत नाही हे मला कळतं. पण निदान एका माणसानं वेळेवर सांगितलं होतं, हे नोंदीत राहायला हवं.

'शेजारी' हा त्यांचा प्रभातमधला शेवटचा चित्रपट. भागीदारांशी मतभेद झाले होते, घरगुती कारणंही त्यात मिसळली, त्यात मी शिरत नाही. १९४२ मध्ये ते बाहेर पडले. हे मात्र एक बँकवाला म्हणून मला थक्क करतं. आधी पेंटरांची कंपनी सोडली, आता स्वतः उभारलेली प्रभात. चाळिशी उलटलेला माणूस चालतं दुकान सोडून पुन्हा पहिल्या पायरीवर. परळला वाडिया मूव्हीटोनच्या जागेत त्यांनी राजकमल कलामंदिर काढलं. राजाराम आणि कमल, ही आईवडिलांची नावं. पहिलाच चित्रपट 'शकुंतला', तो मुंबईत स्वस्तिक थिएटरला १०४ आठवडे चालला. इकडे प्रभातचे मात्र दिवस फिरले आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत ती बंद झाली. १९४६ मध्ये त्यांनी आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवर चित्रपट काढला आणि चीनमध्ये रुग्णसेवा करता करता गेलेल्या त्या तरुण डॉक्टरचं काम स्वतः केलं.

१९५५ मध्ये 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरमध्ये आला आणि धो धो चालला. म्हणजे वीस-बावीस वर्षांपूर्वी फसलेला रंग आता हातात आला होता आणि पैसाही देत होता. दुसरा कुणी असता तर त्यानं त्यानंतर दहा रंगीत नाच काढले असते. बापूंनी १९५७ मध्ये काढला 'दो आँखें बारह हाथ', आणि तो काळ्या-पांढऱ्यात! उघडा माळ, एक पडकं घर, सहा खुनी कैदी आणि एक जेलर. तिथं रंगाचं कामच काय?

कथा ग. दि. माडगूळकरांची, पण मूळ प्रयोग खराखुरा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेवरून १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची भिंती नसलेली कैद्यांची वसाहत सुरू केली होती. नोकरीत असताना माझी बदली काही काळ त्या भागात होती, तेव्हा एका रविवारी मुद्दाम जाऊन पाहून आलो. कैदी बायकामुलांसह राहत होते आणि शेती करत होते. माणदेशाचं ऊन आणि ती तांबूस जमीन पाहिल्यावर पडद्यावरचा तो माळ कुठून आला ते समजलं. चित्रपटात रंग नसूनही तो मला तांबूसच आठवत होता, हे नवल.

जेलरचं काम बापूंनी स्वतः केलं. शेवटच्या प्रसंगात पिसाळलेल्या बैलाशी झुंज आहे. तिच्या चित्रीकरणात डोळ्यांना जबर इजा झाली आणि काही काळ दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहावं लागलं. ज्या चित्रपटाच्या नावातच दोन डोळे आहेत त्यानंच डोळे घ्यावेत! सुदैवानं दृष्टी परत आली. चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल. मग त्या पट्टीआडच्या अंधारातून निघाला रंगांनी भरलेला 'नवरंग'. लोकांना तो फार आवडतो. मला खरं सांगायचं तर जरा भडकच वाटतो, पण डोळ्यांवरची पट्टी नुकतीच निघालेल्या माणसाला रंगांची भूक लागली असेल तर आपण कोण बोलणार?

पुढं १९७२ चा 'पिंजरा', १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार हे सर्वांना माहीत आहे. ३० ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईत ते गेले, त्याच महिन्यात रथयात्रा आणि दंगलींच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरलेली होती. पद्मविभूषण मिळालं ते निधनानंतर.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत आपण गच्चीवर चादर लावून 'दो आँखें बारह हाथ' दाखवला होता. पहिल्या दहा मिनिटांत पोरं टीव्ही बिघडलाय का म्हणून विचारत होती, बैलाच्या वेळी मात्र एकही जागचं हललं नाही. यंदा 'शेजारी' लावावा असं सांस्कृतिक समितीला सुचवलं आहे. चित्रपट दोन तासांहून मोठा आहे, तेव्हा जेवणं आटोपून साडेआठला यावं, खुर्च्या आपापल्या आणाव्यात. आणि शक्यतो शेजारच्यांना बेल वाजवून बरोबरच घेऊन यावं, वरती जागा पुष्कळ आहे.