डॉ. हॅरॉल्ड रिडली

लखनऊ छावनीतील लष्कराचे कमांड हॉस्पिटल असो वा महाराष्ट्रातील एखादे जिल्हा रुग्णालय, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात आज कृत्रिम भिंग बसवले जाते. पूर्वी मात्र गढूळ झालेले भिंग काढून टाकले, की उपचार संपत असे. मग रुग्णाला जन्मभर जाड काचांचा चष्मा वापरावा लागे. त्यातून वस्तू मोठ्या दिसत आणि पायऱ्यांचा अंदाज चुके. या अडचणीवरचा उपाय इंग्लंडमधील नेत्रशल्यचिकित्सक डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी शोधला.

त्यांचा जन्म १० जुलै १९०६ रोजी झाला. त्यांचे वडीलही नेत्रशल्यचिकित्सक होते. १९४० साली, महायुद्धात, गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या विमानाचे पारदर्शक छत फुटून त्याचे कण त्याच्या डोळ्यांत घुसले. बाहेरची वस्तू डोळ्यात राहिली, की डोळा सुजतो, हा नेहमीचा अनुभव. पर्स्पेक्स या प्लॅस्टिकचे हे कण मात्र डोळ्यात स्थिर राहिले. रिडलींनी ही गोष्ट ध्यानात ठेवली. पुढे त्यांची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवत नाही, असे विचारले. प्रश्न भाबडा खरा. पण त्याचे उत्तर कोणत्याही ग्रंथात नव्हते.

रिडलींनी रेनर कंपनीकडून पर्स्पेक्सचे भिंग बनवून घेतले. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी एका स्त्रीच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली आणि ८ फेब्रुवारी १९५० रोजी त्यात भिंग कायमचे बसवले. डोळ्याने ते सामावून घेतले. मात्र भिंगाची शक्ती चुकली आणि रुग्णेस दूरचे फारच अंधुक दिसू लागले. हे काम गुप्त ठेवले होते. ते फुटले तेही गमतीने : एक रुग्ण चुकून रिडली याच आडनावाच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे तपासणीस गेला!

१९५१ साली ऑक्सफर्डच्या परिषदेत रिडलींनी आपले रुग्ण सर्वांसमोर आणले. सर स्ट्यूअर्ट ड्यूक-एल्डर यांच्यासारख्या थोर तज्ज्ञाने त्यांना तपासण्यासही नकार दिला. हा नकार कठोर होता. तरीही विरोधकांची भीती निराधार नव्हती. काही रुग्णांचे भिंग जागचे सरकून डोळ्याच्या मागील भागात पडले, काहींना दाह झाला, काहींच्या डोळ्यातील दाब वाढला. कित्येकांची भिंगे काढावी लागली.

या अडचणींतूनच भिंग हलके झाले, त्याला आधार देणाऱ्या बारीक तारा आल्या, त्याची शक्ती आधी मोजता येऊ लागली. आता घडी घातलेले भिंग दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जाते. भिंगामागचा पडदा काही रुग्णांत पुढे धूसर होतो. तो लेसरने काही मिनिटांत मोकळा करता येतो. १९९२ साली मदुराईत ऑरोलॅब सुरू झाली आणि भारतातील गरिबांनाही हे भिंग परवडू लागले.

रिडली १९७१ साली निवृत्त झाले. मान मिळायला फार उशीर झाला : १९८६ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि २००० साली त्यांना सर ही पदवी मिळाली. उतारवयात त्यांनाही मोतीबिंदू झाला. सेंट थॉमस रुग्णालयातच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत कृत्रिम भिंगे बसवण्यात आली. २५ मे २००१ रोजी त्यांचे निधन झाले.