गृहस्थाश्रमी महर्षी : कै. धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे

आपल्या चित्पावन ज्ञातीत होऊन गेलेल्या एखाद्या कीर्तिशेष पुरुषाचे पुण्यस्मरण स्मरणिकेच्या पानांतून करावे, हा प्रघात आपणा सर्वांस प्रिय आहे. यंदा आम्ही महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ यांची हकीकत शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु अण्णासाहेब हे कोणाचे तरी पती होते, चार मुलांचे पिता होते, नातवंडांचे आजोबा होते. त्यांच्या लोकसेवेचा भार या घरातील माणसांनीही वाहिला. त्या घराची ओळख करून द्यावी, हा आमचा हेतू आहे. हे करीत असता आपल्या ज्ञातीच्या एका जुन्या अपराधाचाही उल्लेख आम्हांस करावा लागणार आहे. तो टाळून लिहिलेले चरित्र अपुरे होईल.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे, आजोळी झाला. घर मुरुडचे, दापोली तालुक्यातील. घरची स्थिती बेताची, पण शील करारी. सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी, हवा बिघडल्याने समुद्रमार्ग बंद झाला म्हणून, हा मुलगा सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेला. शंभराहून अधिक मैलांची ती वाट तुडवून पोहोचल्यावर, वय लहान दिसते एवढ्याच कारणावरून त्यास परीक्षेस बसू दिले नाही. तो आला तसा परत गेला आणि पुन्हा अभ्यासास लागला. १८८१ साली ते मॅट्रिक झाले व १८८४ साली गणित विषय घेऊन बी.ए. झाले.

त्या काळच्या रीतीप्रमाणे विवाह लहानपणीच झाला होता. प्रथम पत्नी राधाबाई. १८८२ च्या जानेवारीत पुत्र रघुनाथ जन्मास आला. मुंबईत अण्णासाहेब अनेक शाळांतून शिकवीत आणि शिकवण्या करीत. संसार स्थिरावू लागला तोच १८९१ साली राधाबाई निवर्तल्या आणि नऊ वर्षांचा रघुनाथ आईवाचून उरला. त्याच वर्षी ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले.

चौतिशीच्या, शिकलेल्या, नोकरदार विधुरास कुमारी वधू मिळणे त्या काळी मुळीच अवघड नव्हते. अण्णासाहेबांनी मात्र निश्चय केला, की विवाह करीन तर विधवेशीच. स्नेही नरहरपंत जोशी यांची भगिनी गोदूबाई ही लग्नानंतर अवघ्या तीन महिन्यांत, कोवळ्या वयात, विधवा झालेली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. पुढे त्या बाया कर्वे म्हणून सर्वांस माहीत झाल्या.

आता तो अवघड प्रसंग. ज्या मुरुडसाठी अण्णासाहेबांनी मुंबईतील नोकरीच्या दिवसांत मुरुड फंड उभारला होता, त्याच गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. ते ज्या बैठकीस असतील तेथे कोणी बसू नये, आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतल्यास त्यांच्याशीही व्यवहार तोडावा, असे ठरले. एका बाजूस म्हातारी आई आणि भाऊ, दुसऱ्या बाजूस नवपरिणीत पत्नी, अशी ही कोंडी होती. ठराव करणारी माणसे परकी नव्हती. ती आपलीच, आपल्याच आळीतील, सज्जन म्हणून नावाजलेली होती. रूढीचा धाक असा, की सज्जनांकडूनही असे घडते. अण्णासाहेबांनी त्यांना शाप दिला नाही आणि आपला मार्गही सोडला नाही.

विवाह करून सुधारक म्हणून मिरविणे त्यांना पुरेसे वाटले नाही. पुनर्विवाहापेक्षा शिक्षण अधिक विधवांच्या उपयोगी पडेल, हे ओळखून १८९६ साली त्यांनी स्वतःच्या शिलकेतील एक हजार रुपये घालून अनाथ बालिकाश्रम स्थापिला. १९०० साली रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे सहा एकर जमीन व इमारतीसाठी साडेसातशे रुपये दिले. तेथे एक झोपडी उभी राहिली. दिवसभर महाविद्यालयात शिकवावे, आणि मग चिखल तुडवीत चार मैल चालून हिंगणे गाठावे, असा क्रम दीर्घकाळ चालला.

आता घराकडे पाहू. आश्रमासाठी पैसा गोळा करणारा पुरुष घरी काय आणत असेल, याचा हिशेब प्रत्येक गृहिणीने मनाशी करावा. आनंदीबाई खंबीर होत्या. नागपुरास जाऊन त्यांनी सुइणीचे शिक्षण घेतले. घरी अनाथ मुले सांभाळली. संस्थेसाठी वर्गणी मागत त्या दारोदार फिरल्या. आणि तरीही दैवाचा खेळ असा, की आश्रमाच्या आरंभीच्या काळात त्यांनाच तेथून दूर राहावे लागले. पुनर्विवाहित स्त्रीचा वावर दिसला तर लोक आपल्या मुली पाठविणार नाहीत, ही भीती होती. ज्या स्त्रीच्या दुःखातून या कार्याची प्रेरणा दृढ झाली, तिलाच त्याच्या उंबरठ्याबाहेर थांबावे लागले. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही वैधव्याच्या आपत्तीतून सावरून आश्रमाचा आधारस्तंभ बनल्या आणि निधीसाठी थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. आनंदीबाईंनी आपले आयुष्य माझे पुराण या पुस्तकात मोकळेपणाने सांगितले आहे. पतीविषयी आदर आणि संसाराच्या ओढाताणीची खंत, दोन्ही त्यात आहेत. ते आमच्या भगिनींनी अवश्य वाचावे.

चारही पुत्रांनी नाव काढले. ज्येष्ठ रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारासाठी त्यांनी नोकरीवर पाणी सोडले आणि १९२७ पासून अखेरपर्यंत समाजस्वास्थ्य हे मासिक चालविले. पित्याचे क्षेत्र वेगळे, पुत्राचे वेगळे. परंतु एकट्याने लोकनिंदा सोसण्याचे धैर्य हा त्या घराचा वारसाच म्हणावयाचा. आनंदीबाईंचे पुत्र शंकरराव हे पूर्व आफ्रिकेत डॉक्टर झाले, दिनकरराव रसायनशास्त्राचे अध्यापक व फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, भास्करराव हिंगण्याच्या संस्थेच्या कार्यात रमले.

दिनकररावांची पत्नी म्हणजे सुप्रसिद्ध मानववंशशास्त्रज्ञ व युगान्तच्या लेखिका इरावतीबाई. त्यांनी उच्च शिक्षणासाठी जर्मनीस जावे, हे सासऱ्यांना प्रथम पसंत नव्हते. स्त्रीशिक्षणाचा हा आचार्यही घरच्या सुनेच्या बाबतीत क्षणभर जुन्या पिढीचा सासराच ठरला! पतीच्या पाठिंब्याने इरावतीबाई १९२८ साली गेल्या. १९२९ साली एकाहत्तराव्या वर्षी अण्णासाहेब जगप्रवासास निघून बर्लिनला पोहोचले व प्रोफेसर आइन्स्टाइन यांना भेटले, तेव्हा त्यांची सून त्याच नगरीत विद्यार्थिनी होती. ही गोष्ट आम्ही दोष दाखविण्यासाठी सांगत नाही. मोठी माणसेही घरात आपल्यासारखीच असतात, आणि घरातील तरुण माणसे त्यांना पुढे नेतात, एवढेच यातून घ्यावे.

जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठास मिळाले. उतारवयातही अण्णासाहेब स्वस्थ बसले नाहीत. १९३६ साली ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले, आणि १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद व विषमता दूर व्हावी म्हणून समता संघ स्थापिला.

दीर्घायुष्याचे मोलही त्यांना द्यावे लागले. २९ नोव्हेंबर १९५० रोजी सत्तावन्न वर्षांची सहधर्मचारिणी गेली. १९५३ च्या ऑक्टोबरात ज्येष्ठ पुत्र रघुनाथराव गेले. पंचाण्णव वर्षांच्या पित्याने एकाहत्तर वर्षांच्या मुलाचा वियोग सोसला. १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली भारतरत्न हे बहुमान घरी आले. शंभराव्या वाढदिवशी त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. पण ते पाहून आनंदणारी बाया घरी नव्हती. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चार वर्षांचे आयुष्य पुरे करून, अण्णासाहेब शांतपणे अनंतात विलीन झाले.

त्यांची नातवंडेही नाव राखून आहेत. दिनकरराव-इरावतीबाईंच्या कन्या जाई निंबकर व कै. गौरी देशपांडे या लेखिका म्हणून, आणि पुत्र आनंद कर्वे हे ग्रामोपयोगी तंत्रज्ञानाचे संशोधक म्हणून महाराष्ट्रास परिचित आहेत. हिंगणे बुद्रुक आज कर्वेनगर म्हणून ओळखले जाते. जेथे एक झोपडी होती, तेथे आज हजारो मुली शिकत आहेत.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आज आपण अण्णासाहेबांना आपले म्हणतो, त्यांची तसबीर सभागृहात लावतो. परंतु त्यांना प्रथम दूर लोटणारेही आपणच होतो, हे स्मरण त्या तसबिरीसोबत राहिले पाहिजे. आजही कोणाच्या घरी मुलगी परज्ञातीत विवाह करते, कोणाची विधवा सून पुन्हा संसार मांडू पाहते, आणि आपल्या बैठकीत कुजबुज सुरू होते. त्या वेळी मुरुडच्या त्या सभेची आठवण करावी, आणि आपण ठराव करणाऱ्यांत बसलो आहो की कर्व्यांच्या ओसरीवर, हे ज्याचे त्याने पाहावे. आणि वंदन करताना ते एकट्या अण्णासाहेबांना करू नये. नऊ वर्षांच्या लेकरास मागे ठेवून गेलेल्या राधाबाईंना, उंबरठ्याबाहेर थांबलेल्या बायांना आणि रात्री चिखल तुडवून येणाऱ्या वडिलांची वाट पाहणाऱ्या त्या मुलांनाही आमचे नम्र अभिवादन असो.