देशोद्धारक नागेश्वरराव पंतुलु

मुंबईहून पुण्याकडे जाताना बोरघाटात, खंडाळ्याजवळ, एक जुना पूल लागत असे. १८३०च्या सुमारास, इंग्रजी अमदानीत बांधलेल्या या पुलाला लोक 'अमृतांजन पूल' म्हणत. पूल बांधणाऱ्या अभियंत्याचे नाव कुणाच्या लक्षात राहिले नाही. त्यावर रंगवलेल्या एका वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीचे नाव मात्र त्याला कायमचे चिकटले. वाहतुकीला अडथळा होतो म्हणून एप्रिल २०२० मध्ये हा पूल पाडण्यात आला. मलमाचे नाव आजही घरोघरी ठाऊक आहे. परंतु ते मलम मुंबईत जन्माला आले आणि ते तयार करणारे गृहस्थ तेलुगु भाषेतील एका थोर वृत्तपत्राचे संस्थापक होते, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत असते.

काशीनाथुनी नागेश्वरराव यांचा जन्म १ मे १८६७ रोजी कृष्णा जिल्ह्यातील एलकुर्रू या गावी झाला. 'काशीनाथुनी' हे त्यांचे घराण्याचे नाव. तेलुगु रीतीप्रमाणे ते आधी लिहिले जाते. नावापुढील 'पंतुलु' ही आपल्याकडील 'पंत'सारखीच आदराची जोड होय. मछलीपट्टणम येथे शालेय शिक्षण घेऊन ते मद्रासच्या ख्रिश्चन महाविद्यालयात दाखल झाले आणि १८९१ मध्ये पदवीधर झाले. त्या काळी पदवीधर तरुणापुढे दोन वाटा असत, सरकारी नोकरी किंवा वकिली. नागेश्वररावांनी दोन्ही टाळल्या. विधवाविवाह व स्त्रीशिक्षण यांसाठी झटणारे आंध्रातील समाजसुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम यांच्या विचारांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला होता. आपल्या लोकांसाठी काही करावयाचे, तर आधी स्वतःच्या पायांवर उभे राहिले पाहिजे, अशी त्यांची धारणा झाली. काही काळ कलकत्त्यात राहून त्यांनी औषधांच्या व्यापाराची माहिती करून घेतली आणि मग ते मुंबईत एका युरोपियन कंपनीच्या कचेरीत नोकरीला लागले.

नोकरीत त्यांची बढती होत गेली. तरीही दुसऱ्याच्या पेढीत आयुष्य घालवण्यात त्यांचे मन रमेना. १८९३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईत स्वतःचा उद्योग सुरू केला आणि एक पिवळसर, उग्र वासाचे मलम बाजारात आणले. त्याचे नाव त्यांनी 'अमृतांजन' ठेवले.

तो काळ लक्षात घेतला म्हणजे या लहानशा बाटलीचे मोल कळते. आज डोके दुखले की आपण सहज ज्या गोळ्या घेतो, त्यांतील एकही त्या वेळी दुकानात मिळत नव्हती. अॅस्पिरिन जर्मनीत १८९७ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९९ मध्ये विक्रीस आले. तीव्र वेदनेवर अफू हा जुना उपाय होता, पण तिचे व्यसन जडे. साध्या डोकेदुखीसाठी किंवा दिवसभर ओझी वाहून आखडलेल्या पाठीसाठी सुंठेचा लेप, गरम विटेचा शेक किंवा परवडल्यास महागडे विलायती मलम, एवढेच काय ते उपाय होते. मुंबई त्या वेळी गिरण्यांचे, गोद्यांचे आणि कारकुनांचे शहर बनत चालली होती. दिवसभर राबून रात्री खोलीवर परतणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहावेच लागे.

अशा मलमात कापूर, पुदिन्याचे सत्त्व म्हणजेच मेंथॉल, निलगिरीचे तेल व गंधपुऱ्याचे तेल ही द्रव्ये असतात. ती दुखण्याचे मूळ नाहीसे करीत नाहीत. आपल्या त्वचेत थंडी आणि उष्णता ओळखणारी मज्जातंतूंची टोके असतात. मेंथॉल त्यांतील थंडी ओळखणाऱ्या टोकांना चेतवते; त्यामुळे कातडीचे तापमान तेवढेच असूनही आपल्याला गारवा वाटतो. या गारव्याची आणि चुरचुरीची संवेदना मेंदूकडे जाऊ लागली की दुखण्याची संवेदना काहीशी मागे पडते. गंधपुऱ्याच्या तेलातील मुख्य द्रव्य अॅस्पिरिनच्याच कुळातले आहे. ते थोड्या प्रमाणात त्वचेतून आत शिरते. शिवाय कपाळ चोळणाऱ्या हाताचाही काही गुण असतोच.

'अंजन' या शब्दाने मात्र कुणाची फसगत होऊ नये. मराठीत आणि संस्कृतात अंजन म्हणजे डोळ्यांत घालावयाचे औषध. काजळ आणि सुरमा हे अंजनाचेच प्रकार. अमृतांजन हे केवळ नावाचे अंजन आहे. ते डोळ्यांत मुळीच घालावयाचे नसते. कपाळाला लावताना बोट चुकून डोळ्याला लागले, तर डोळ्याची आग आग होते आणि तो स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा लागतो. अशी मलमे जखमेवर किंवा तान्ह्या मुलांना लावू नयेत आणि पोटात तर कधीच घेऊ नयेत. कापूर व गंधपुऱ्याचे तेल पोटात गेल्यास विषबाधा होते. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डोकेदुखीबरोबर डोळा लाल झाला, दृष्टी धूसर झाली किंवा दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. अशा वेळी मलम चोळून रात्र काढणे धोक्याचे असते. डॉक्टरांकडे तत्काळ जाऊन डोळ्यात घालावयाची योग्य औषधे सुरू झाली, तरच नजर वाचण्याची आशा असते.

नव्या मलमावर लोकांनी विश्वास कसा ठेवावा? नागेश्वररावांनी गाण्याच्या मैफलींना येणाऱ्या श्रोत्यांना ते फुकट वाटले, असे सांगतात. तास दोन तास बसून ऐकणाऱ्यांतील कुणाचे ना कुणाचे डोके दुखतच असणार आणि बरे वाटले की तो चार घरी सांगणार, हा हिशेब अचूक ठरला. काही वर्षांतच अमृतांजनाचा खप देशभर पसरला आणि नागेश्वरराव श्रीमंत झाले. येथेच थांबले असते, तर ते एक यशस्वी व्यापारी म्हणून ओळखले गेले असते, इतकेच.

मुंबईत तेलुगु भाषक माणसे पुष्कळ होती. इमारती, रस्ते आणि गोद्या यांच्या बांधकामावर राबण्यासाठी तेलंगणातून आलेल्या कामाठ्यांवरूनच कामाठीपुऱ्याला त्याचे नाव मिळाले. पण या माणसांना आपल्या भाषेत देशाची बातमी वाचावयाची सोय नव्हती. मुंबईत मराठी व गुजराती पत्रे जोमात चालत. पुण्याहून येणाऱ्या 'केसरी'ची तर लोक वाट पाहत. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेसचे अधिवेशन झाले. जहाल व मवाळ यांच्या भांडणात ते उधळले गेले, हे सर्वांना माहीत आहे. नागेश्वररावांना या काळात एक उणीव तीव्रतेने जाणवली: देशात एवढे घडत असताना ते आंध्रातील सामान्य माणसाला सांगणारे भक्कम तेलुगु वृत्तपत्र नव्हते.

पुढच्या वर्षी, जुलै १९०८ मध्ये, लोकमान्य टिळकांना मुंबईत राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला. शब्द छापल्याबद्दल माणसाला मंडालेला पाठवले जाते, हे साऱ्या शहराने पाहिले. अशा वातावरणात, सप्टेंबर १९०८ मध्ये, नागेश्वररावांनी त्याच शहरात 'आंध्रपत्रिका' हे तेलुगु साप्ताहिक सुरू केले. व्यापाऱ्याने निवडावा असा हा मुहूर्त नव्हता.

वृत्तपत्रात पैसा जातो फार आणि येतो थोडा. आंध्रपत्रिकेची ही तूट अमृतांजनाच्या नफ्यातून भरून निघे. कपाळाला लावण्याच्या मलमाने मिळवलेला पैसा दुसऱ्या अर्थाने लोकांच्या डोळ्यांत अंजन घालण्यासाठी खर्च होऊ लागला. दरवर्षी उगादीला, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याला, आंध्रपत्रिकेचा भरगच्च विशेषांक निघे. साधारण याच सुमारास, १९०९ मध्ये, काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी मुंबईतूनच 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला होता. एकाच शहरात दोन भाषांनी आपापल्या सणाला वाचनाची जोड दिली, हा योगायोग मोठा सुखद आहे.

वाचक मात्र दूर दक्षिणेत होते. म्हणून १९१४ मध्ये नागेश्वररावांनी आपला पसारा मद्रासला हलवला आणि १ एप्रिलपासून आंध्रपत्रिका दैनिक झाली. काही महिन्यांतच पहिले महायुद्ध पेटले. १९२४ मध्ये त्यांनी 'भारती' हे वाङ्मयीन मासिक काढले. तेलुगु कथा, कविता आणि संशोधन यांचे ते प्रमुख व्यासपीठ ठरले. १९२६ मध्ये 'आंध्र ग्रंथमाला' सुरू करून त्यांनी जुने व नवे ग्रंथ स्वस्तात उपलब्ध करून दिले. गावोगावच्या वाचनालयांना त्यांनी सढळ हाताने मदत केली.

या कामातील एक धागा महाराष्ट्राला जवळचा आहे. तेलुगु ज्ञानकोशाचे काम कोमर्राजू लक्ष्मणराव यांनी हाती घेतले होते. लक्ष्मणरावांचे शिक्षण नागपूरला झाले होते आणि ते मराठीतही लेखन करीत. इकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी वणवण करीत होते, त्याच काळात तिकडे लक्ष्मणराव तेलुगुसाठी झटत होते. १९२३ मध्ये लक्ष्मणराव वारले आणि कोश अपुरा राहिला. पुढे नागेश्वररावांनी त्याच्या प्रकाशनाचा भार उचलला. विक्रीची खात्री नसलेले हे काम. पण तोट्याची भीती त्यांना वृत्तपत्राने केव्हाच विसरायला लावली होती.

राजकारणात ते गांधीजींच्या मार्गाने गेले. आंध्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी अनेकदा भूषवले. मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन तुरुंगात गेले आणि तेथील सक्तीच्या फुरसतीत त्यांनी भगवद्‌गीतेवर तेलुगुत विवेचन लिहिले. वयाची साठी ओलांडलेल्या, सुखवस्तू उद्योजकाला तुरुंगवास पत्करण्याची गरज नव्हती. लोकांनी त्यांना 'देशोद्धारक' ही पदवी दिली आणि १९३५ मध्ये आंध्र विद्यापीठाने 'कलाप्रपूर्ण' म्हणून गौरवले. १९३६ मध्ये अमृतांजनचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले.

मद्रास इलाख्यात तमिळ व तेलुगु भाषक एकत्र नांदत होते. तेलुगु भाषकांचा वेगळा प्रांत व्हावा, ही मागणी जुनी होती. पण किनारपट्टीच्या सुपीक जिल्ह्यांचे वर्चस्व होईल, अशी धास्ती रायलसीमेच्या दुष्काळी भागातील लोकांना वाटे. हा तिढा सोडवण्यासाठी दोन्हीकडचे नेते १६ नोव्हेंबर १९३७ रोजी नागेश्वररावांच्या मद्रासमधील 'श्रीबाग' या घरी जमले. विद्यापीठ, पाटबंधारे, राजधानी व उच्च न्यायालय यांच्या वाटणीबाबत तेथे जो समझोता झाला, तो 'श्रीबाग करार' म्हणून ओळखला जातो. राजधानी एका भागात असेल, तर उच्च न्यायालय दुसऱ्या भागात असावे, हे त्यातील एक सूत्र होते.

त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, ११ एप्रिल १९३८ रोजी, नागेश्वरराव पंतुलु यांचे निधन झाले. उद्योग व वृत्तपत्र या दोहोंची धुरा त्यांचे जावई शिवलेंक शंभुप्रसाद यांनी सांभाळली. आंध्रपत्रिका १९९१पर्यंत चालली. १ ऑक्टोबर १९५३ रोजी वेगळे आंध्र राज्य अस्तित्वात आले, तेव्हा राजधानी रायलसीमेतील कर्नूलला आणि उच्च न्यायालय किनारपट्टीवरील गुंटूरला देण्यात आले.