‘सायक्लोन’ या शब्दाचे जनक हेन्री पिडिंग्टन

चक्रीवादळासाठी जगभर रूढ असलेला ‘सायक्लोन’ हा शब्द कोलकात्यात जन्माला आला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्याचे जनक हेन्री पिडिंग्टन यांचा जन्म १७९७ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. व्यापारी जहाजांवर कप्तानी केल्यानंतर ते कोलकात्यात स्थायिक झाले आणि पुढे तेथील सागरी चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष झाले.

विल्यम रीड यांचा वादळांवरील ग्रंथ १८३८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पिडिंग्टन यांना आयुष्याचा विषय गवसला. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या ते मिळवत. कोणत्या वेळी जहाज कोठे होते, वारा कोणत्या दिशेचा होता, वायुभारमापक किती उतरला, हे सारे ते नकाशावर मांडत. अशा अनेक जहाजांच्या नोंदी एकत्र आल्या की वादळाचे केंद्र आणि त्याचा मार्ग उलगडे. एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून त्यांनी असे अनेक निबंध लिहिले.

आज हेच काम उपग्रहावरील स्कॅटरोमीटर करतो. तो समुद्राकडे सूक्ष्मलहरी सोडतो. वाऱ्याने उठलेल्या बारीक तरंगांवरून त्या किती प्रमाणात परततात, यावरून वाऱ्याचा वेग व दिशा कळते. ढगांचा त्याला अडसर होत नाही. भारताने २००९ मध्ये ओशनसॅट-२ आणि २०१६ मध्ये स्कॅटसॅट-१ यासाठीच सोडले. पिडिंग्टन यांना मात्र जहाज बंदराला परत येईपर्यंत वाट पाहावी लागे. बुडालेल्या जहाजाची नोंदवही तर मिळणारच नव्हती.

१८४८ मध्ये त्यांनी खलाशांसाठी मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. सर्पाच्या वेटोळ्यावरून, ग्रीक भाषेच्या आधारे, ‘सायक्लोन’ हा शब्द त्यांनी त्यातच सुचविला. नकाशावर ठेवून वादळाचे केंद्र शोधता यावे, म्हणून वर्तुळे आखलेल्या शिंगाच्या पारदर्शक चकत्याही ग्रंथासोबत होत्या. वारा प्रत्यक्षात वर्तुळात न फिरता आत वळत जातो, त्यामुळे हे गणित थोडे चुके. तरीही खलाशांच्या हाती काहीच नव्हते, त्यापेक्षा ते पुष्कळच होते.

त्यांचा एक इशारा मात्र व्यर्थ गेला. सुंदरबनातील मातला नदीवर नवे बंदर उभारण्याची योजना होती. वादळी लाटेत ते बुडेल, असे पिडिंग्टन यांनी १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना लेखी कळविले होते. बंदर तरीही उभे राहिले. १८५८ मध्ये पिडिंग्टन यांचे कोलकात्यात निधन झाले. १८६७ च्या वादळात लाटेने पोर्ट कॅनिंगची दाणादाण उडविली आणि काही वर्षांतच ते बंदर सोडून द्यावे लागले.